इंजिनाचं आपलं ठरायचं राहिलं

भटू,

तुझ्या गंधमुक्तीच्या विधीला आपल्या रनाळ्यात मांडवाखाली माणसं तुझ्याविषयी बोलली. तुझे आयटीआयचे मास्तर बोलले, नंदुरबारहून आलेले ट्रान्सपोर्टवाले बोलले. पोरगा कष्टाळू होता, कुणाला नाही म्हणायचा नाही, त्याचा कधी कुणाशी वाद नाही. मी बायकांमध्ये सरलाजवळ बसले होते. वादाचं ऐकून तिनं पदराआडून माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याचं नि नणंदेचं काय चालायचं ते तिला पुरतं माहीत होतं. गेलं वर्षभर तू आणि मी एका इंजिनावरून भांडत होतो, आणि ते भांडण अर्ध्यावर टाकून तू गेलास.

तुझा जन्म कधीचा, शिक्षण किती, मागे कोण कोण, हे सगळं मांडवात सांगून झालंय. मला आपलं बोलणं पुरं करायचं आहे, म्हणून लिहायला बसलेय.

सासरहून मी कायमची निघाले त्या सकाळी कुणाला सांगावा धाडायचा हे मला सुचत नव्हतं. शेवटी तुला फोन केला. तू आपल्या बापूंचा ट्रॅक्टर घेऊन आलास. माझी पेटी, शिवणयंत्र, दोन गाद्या ट्रॉलीत चढवल्यास, माझ्यासाठी कडब्याच्या पेंढीवर गोधडी अंथरलीस. काय झालं, कुणी काय केलं, एक शब्द विचारला नाहीस. सारा रस्ता तू पुढे आणि मी मागे. गावाच्या अलीकडे थांबून तू मला रसवंतीवर रस पाजलास आणि म्हणालास, "घर जाईसन पहिले जेवजो. बोलानं ते मंग बी व्हई." पुढे मी नर्सिंगला गेले तेव्हा घरातल्या मोठ्यांनी नाकं मुरडली, पण माझा फॉर्म तूच नेऊन दिलास. या गोष्टीचे आभार मी तुझे कधी मानले नाहीत. आपल्यात तशी रीत नव्हती.

नोकरी लागली ती थेट डोंगरात. मोलगीच्या पुढे, जिथे तेव्हा डांबर संपायचं, तिथून आत माझं उपकेंद्र. आणि उपकेंद्राच्याही वर माझे पाडे. तिथवर रस्ता असा नव्हताच. उन्हाळ्यात नाल्याच्या पात्रातून जायचं, एरवी बैलगाडीच्या चाकोरीनं. अडलेल्या बाईला माणसं बांबूला झोळी बांधून खांद्यावरून खाली आणायची. मोलगीच्या जीपवाल्यांना मी किती वेळा हात जोडले असतील. तेही काय करणार, त्यांच्या गाड्यांची मागचीच चाकं ओढायची, तेवढ्यावर नाल्यातले दगड चढत नव्हते. एका दिवाळीत मी तुला म्हटलं, "भटू, माले एक गाडी करी दे. चारी चाकं वढतीन अशी."

तू हसलास. तुला वाटलं मी गंमत करतेय. मग माझ्या तोंडाकडे पाहिलंस आणि हसायचा थांबलास.

ती जीप तुला नवापूरला सापडली. एका शेठजींच्या पोल्ट्रीच्या मागच्या शेडमध्ये. शेठजींचे वडील राजस्थानातून येऊन तिथे स्थिरावले, त्यांनी कधीकाळी लिलावात घेतलेली जुनी पेट्रोल जीप. तू मला बघायला नेलंस तेव्हा तिच्या बॉनेटवर कोंबड्या बसल्या होत्या आणि सीटच्या स्प्रिंगांत अंडी होती. इंजिन जाम झालेलं. तू खाली वाकून चासीला हातोडीनं टकटक करत पुढून मागे गेलास, दोन्ही एक्सल पाहिलेस, आणि उठून म्हणालास, "ताई, हाडं मजबूत शेतस. काळीज नवं बसाडनं पडी."

तिथून आपला पहिला वाद सुरू झाला.

तुझ्या डोक्यात एक टर्बो डिझेल इंजिन होतं, अपघातात चेपलेल्या एका जवळजवळ नव्या गाडीचं. तू त्याच्या ताकदीचं असं वर्णन करायचास की ऐकणाऱ्याला वाटावं, ही जीप आता सातपुडा उचलून नेणार. मला त्यातलं फार कळत नव्हतं. एवढं कळलं, की त्या इंजिनाला कॉम्प्युटर असतो. पंप किती डिझेल सोडणार, केव्हा सोडणार, ते तो ठरवतो.

"आनि ते बंद पडनं ते?" मी विचारलं.

"नही पडस."

"पडनं ते?"

"मी येसू ना."

"तू येशी तवलग मी त्या बाईले काय सांगू?"

तू चिडलास. म्हणालास, तू सुई टोचायचं बघ, गाडीचं मला बघू दे. मी म्हटलं, गाडी मी चालवणार आहे. नंदुरबारच्या गॅरेजमधले तुझे भागीदार इक्बालभाई लेथ बंद करून आपलं ऐकत बसले होते. कुणाची बाजू घ्यावी हे त्यांना समजेना, त्यांनी दोघांना चहा पाजला.

पण तू हट्टी असलास तरी आपलंच खरं करणारा नव्हतास, भटू. पुढच्या आठवड्यात न सांगता डोंगरात आलास. अक्कलकुव्याहून मोलगीपर्यंत वडापच्या जीपला मागे लटकत आलास, केसांत लाल माती भरलेली. दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर पाड्यांवर पायी निघालास. मी बाळांना लस देत होते आणि तू काठी घेऊन नाल्यात उतरलास. पाणी कुठे किती, दगड किती उंच, चढ कुठे सुरू होतो, सगळं काठीवर चाकूनं खुणा करून मापत होतास. पाड्यावरची माणसं मला विचारत होती, हा कोण सरकारी माणूस आलाय, इथे रस्ता होणार आहे का?

परत येताना मोलगीच्या बाजारात एक नवी कोरी गाडी उभी होती. आत काट्यांजवळ बिघाडाचा लाल दिवा लागलेला, इंजिन बंद, ड्रायव्हर सावलीत उकिडवा बसलेला. तू त्याच्याजवळ जाऊन बसलास, बिडी पेटवून दिलीस. काय बोललास मला ऐकू आलं नाही. परत आलास तेव्हा चेहरा उतरलेला. म्हणालास, "गाडीले काहीच नही व्हयेल. एक सेन्सरमा पानी गये. आते कॉम्प्युटरवाला येई, तवय ती चालू व्हई. तो कालपशी वाट दखी ऱ्हायना."

उपकेंद्राच्या ओट्यावर भाकरी खाताना तू काठीवरच्या खुणांवरून बोट फिरवत होतास. मग म्हणालास की आपण उलटं करत होतो. इंजिन आवडलं म्हणून गाडीत घालायला निघालो होतो. या वाटेवर पळायला जागाच नाही. इथे लागतं ते चालत्या माणसाच्या गतीनं दगडावर चढणारं, बिनकटकटीचं इंजिन. बॅटरी मेली तरी उतारावर ढकलून चालू होणारं.

मी तुझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. जिंकल्यावर गप्प बसायचं एवढं मला कळत होतं.

मग तू वडापमधून मोडीत निघालेल्या जीपचं जुनं साधं डिझेल इंजिन आणलंस. ते त्या जीपमध्ये बसवताना तुझे आणि इक्बालभाईंचे काय हाल झाले ते मी सुट्टीला आले की पाहायची. इंजिन एका घराण्यातलं, गिअरबॉक्स दुसऱ्या घराण्यातला. मधे जोडायची जाड प्लेट इक्बालभाईंनी लेथवर घडवली, ती पहिल्यांदा केसभर वाकडी बसली, पुन्हा घडवली. इंजिन खाली सोडलं तर त्याच्या तळाचं ऑइलचं चेंबर पुढच्या एक्सलला टेकायचं, वर उचललं तर बॉनेट लागायचं नाही. मागे सरकवलं. मग पंखा रेडिएटरपासून लांब गेला. एकदा मी पाहिलं, तू इंजिनाशेजारी जमिनीवर उताणा पडून नुसता वर बघत होतास. मला वाटलं थकलास. तू म्हणालास, "बोलू नको ताई, इचार करी ऱ्हायनू." इंजिन जड म्हणून पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांत एक पान वाढवलंस. ब्रेक आधी केलेस. आरटीओत जाऊन नवा इंजिन नंबर आरसी बुकात चढवून आणलास, त्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू दिली नाहीस.

नवापूरच्या शेठजींना गाडी दाखवायला आपण दोघं गेलो होतो, आठवतं? म्हातारे काठी टेकत आले, गाडीभोवती फिरले, छान म्हणाले. मग हळूच नवापूरकडच्या गुजरातीत विचारलं, "पेलुं जूनुं इंजिन? भंगारमां आपी दीधुं?" त्यांचे वडील त्यांना त्या जीपमधून शाळेत सोडायचे म्हणे. तू म्हणालास, नाही, भंगारात नाही दिलं, आहे माझ्याकडे. पुढे कित्येक महिने ते जाम झालेलं इंजिन तू रिकाम्या वेळात सोडवत बसलास, कुणी सांगितलं नसताना. पिस्टन मोकळे केलेस, जुने सुटे भाग कुठून कुठून गोळा केलेस, चार पायांच्या लोखंडी घोडीवर बसवलंस, आणि एका रविवारी टेम्पोत घालून नवापूरला नेलंस. बटण शेठजींना दाबायला लावलंस. ते सुरू झालं तेव्हा सगळ्या कोंबड्या एका कोपऱ्यात पळाल्या. शेठजी हात जोडून उभे राहिले, तुला की इंजिनाला ते कळलं नाही. येताना तू शिट्टी वाजवत होतास. तुझ्याबद्दल कुणी मला काही विचारलं, तर मी हा रविवार सांगते.

गाडी माझ्याकडे आल्यावर पहिल्याच वर्षी तू ती तपासायला आलास आणि त्याच दिवशी वरच्या पाड्यावरून निरोप आला. बाळंतपण घरीच झालेलं, वार अडकलेली, रक्त थांबत नव्हतं. मी म्हटलं, तू चालव, मला मागे बसावं लागेल. नाल्यातून उतरताना बाईचा नवरा मागच्या बंपरवर उभा होता. गाडी अडली की तो उडी मारून चाकामागे दगड लावायचा, सुटली की पुन्हा चढायचा. माझा एक हात बाईच्या पोटावर दाबलेला, दुसऱ्या हातात सलाइनची बाटली. मी मागून सांगत होते, हळू, भटू, हळू, आता थांब, आता चल. तू एकदाही मागे वळून पाहिलं नाहीस. इंजिन न अडखळता एका लयीत चालत राहिलं.

बाई वाचली. दवाखान्यात तिला आत नेलं आणि मी तुला शोधायला बाहेर आले, तर तू भिंतीमागे वाकून ओकत होतास. तोंड धुऊन आलास आणि विचारलंस, "ताई, तू हाई रोज करस?"

मी म्हटलं, "रोज नही."

त्या दिवसापासून तू माझी गाडी धुवायलाही दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाहीस.

वर्षं गेली. डांबर मोलगीच्या पुढे सरकलं, माझ्या उपकेंद्राच्याही पुढे गेलं. आता फक्त शेवटचा टप्पा दगडांचा राहिलाय, बाकी रस्ता गुळगुळीत. जीपचं इंजिन मात्र म्हातारं झालं. घाटात धूर सोडायला लागलं, चार माणसं बसली की तापायला लागलं. तू म्हणायला लागलास, "ताई, आते हाई इंजिन थकनं. बदलनं पडी."

"मन्ही गाडी मस्त चालस."

"धूर दख. मोलगीना लोकेस्ले वाटस, आग लागी गयी."

तुझं म्हणणं होतं, रस्ता बदलला तसं इंजिनही बदलायला हवं. आता गाडीला पळायला जागा आहे. दवाखाना तेवढाच लांब आहे, पण तिथे लवकर पोहोचता येईल, आणि पेशंटला लवकरच पोहोचायचं असतं. मी म्हणत होते, मला या इंजिनाचा प्रत्येक आवाज कळतो. डिझेलमध्ये हवा धरली तर मी स्वतः काढते, पट्टा तुटला तर मी बदलते. माझी नोकरी थोडी राहिली, आता मला नवं काही शिकवू नकोस. आणि टर्बो म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे तो सावलीत बसलेला ड्रायव्हर यायचा. हे मी तुला शंभरदा ऐकवलं. गेल्या दिवाळीत तू माझं न ऐकता पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक बसवलेस. मी विचारलं, कशाला? म्हणालास, "पुढली तयारी." मी भाऊबीजेचं ओवाळतानाही तुझ्याशी धड बोलले नाही. तू ताटात ओवाळणी टाकलीस आणि सरलाला म्हणालास, "ताईनं तोंड दख, टर्बोपेक्षा गरम."

आपलं शेवटचं बोलणं फोनवर झालं. उपकेंद्रामागच्या टेकडीवर रेंज येते, तिथे मी उभी होते. तू म्हणालास, "इंजिन मी आनी ठेयेल शे. तू फक्त गाडी लई ये."

मी म्हटलं, "कॉम्प्युटरवालं माले नको. शंभरदा सांगं तुले."

"आयकी ते ले पहिले..."

आणि रेंज गेली. मी टेकडीवर थोडी इकडेतिकडे फिरले, फोन वर धरला, लागला नाही. बाळांचं वजन करायचं होतं म्हणून खाली उतरले. आपण नेहमी असंच अर्धं बोलत आलो होतो. उरलेलं पुढच्या वेळी.

त्यानंतर काही दिवसांनी मोलगीहून एक जण मोटरसायकलवर पाड्यावर आला. माझ्या हातात लसीचा डबा होता. त्यानं गाडीवरून न उतरताच सांगितलं, की सिस्टर, तुमच्या भावाला अटॅक आला. मी विचारलं, कोणत्या दवाखान्यात आहे? तो खाली बघायला लागला. मी डबा आशा ताईंच्या हातात दिला, दोन बाळं राहिली होती ती कोणती ते सांगितलं, आणि जीपमध्ये बसले.

घाटात जीप तापली. रिकामी होती, मी एकटीच होते, तरी काटा लालवर गेला आणि मला थांबावं लागलं. रस्त्याकडेला खडकांवर आमचुरासाठी कैरीच्या फोडी वाळत घातलेल्या, पांढऱ्या पांढऱ्या. एक बाई त्या उलटत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, काही न विचारता हंडा उचलून आणला आणि रेडिएटरजवळ ठेवला. पण गरम रेडिएटर उघडता येत नाही, थंड व्हायची वाट बघावी लागते, हे तूच मला शिकवलं होतंस. म्हणून मी दगडावर बसून राहिले. तू रनाळ्यात अंगणात ठेवलेला होतास, माणसं माझ्यासाठी थांबलेली होती, आणि मी बॉनेट उघडून इंजिन थंड व्हायची वाट बघत होते. वर्षभर तू जे घसा कोरडा करून सांगत होतास, ते मला त्या दगडावर पटलं. पटल्याचं सांगायला तू नव्हतास.

घरी पोहोचले. तुझ्याजवळ बसले आणि सवयीनं बोटं तुझ्या मनगटावर गेली. मला सगळं कळत होतं, इतकी वर्षं हेच करतेय, तरी मी नाडी शोधत राहिले. कुणीतरी माझा हात हळूच उचलून बाजूला केला. इक्बालभाईंनी तुझे हात डिझेलनं पुसून मग साबणानं धुतले होते म्हणे. तरी नखांच्या कडेनं काळं राहिलंच होतं.

गंधमुक्तीनंतर सरला मला म्हणाली, "ताई, गॅरेजमाईन ते इंजिन लई जा. माले ते दखाई नही जात. इकी टाका, नही ते बसाडी ल्या." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, सगळं आटून गेलेलं. तू सकाळी त्याच इंजिनापाशी खाली बसलास आणि उठला नाहीस, हे मला तिच्याकडूनच कळलं.

दुसऱ्या दिवशी मी नंदुरबारला गॅरेजवर गेले. मनात ठरवून गेले होते की विकून टाकू. इक्बालभाईंनी शटर वर केलं. इंजिन मधोमध घोडीवर होतं, धुऊन पुसून, तोंडांना कापडाचे बोळे लावून ठेवलेलं, आत काही पडू नये म्हणून.

मी म्हटलं, "इक्बालभाई, कॉम्प्युटरवालं मी नको सांगेल व्हतं त्याले."

त्यांनी दिवा ओढून इंजिनावर धरला. मग म्हणाले, "ताई, जवळ या. दखा. आठे कॉम्प्युटर शे का?"

मी जवळ गेले. टर्बो होता, गोगलगाईसारखा. आणि त्याच्या पलीकडच्या बाजूला जुन्या पद्धतीचा लोखंडी पंप होता, अगदी माझ्या इंजिनाला आहे तसा. नळ्या उघड्या, नट उघडे. वायर म्हणायला जवळजवळ काही नव्हतंच.

"सुरतना भंगार बाजारमा तो कितला फेरा गया, माले मालूम शे," इक्बालभाई सांगत होते. "टर्बो जोयजे, आनि पंप जुना जोयजे. सापडे ना. लोके म्हनेत, नवं स्वस्तमा देतस, लई जा. हाऊ म्हने, नही. मन्ही बहीण पान्हा लिसनी सोता उघडी शकी, असंच जोयजे."

"मंग माले काब्र नही सांगं?"

"सांगत व्हता ना. फोन कटी गया. मंग म्हने, ऱ्हाऊ दे, गाडी लई उनी का तिलेच दखाडसू."

मी तिथल्या स्टुलावर बसले, तुझ्याच. मांडवात रडले नव्हते, अंगणात रडले नव्हते. तिथे रडले, भटू. इक्बालभाई बाहेर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले. वर्षभर तू माझ्याशी भांडत होतास आणि त्याच वर्षात माझं सगळं म्हणणं मान्य करून बाजार पालथा घालत होतास. भांडण कधीच मिटलं होतं, फक्त ते मला माहीत नव्हतं. तुझं "आयकी ते ले पहिले" मी आता पुरतं ऐकलंय.

इक्बालभाईंनी इंजिन बसवलं. मी रजा काढून रोज तिथे गेले, पान्हे हातात देत राहिले. प्लेट या वेळी पहिल्याच फटक्यात सरळ बसली. ते म्हणाले, भटू असता तर म्हणाला असता, म्हातारपणी हात वळायला लागला. आम्ही दोघं हसलो आणि मग त्यांनी पुढचा पान्हा मागितला. एका दुपारी सरला डबा घेऊन आली. आत यायला तयार नव्हती, दारातच थांबली. मग हळूहळू आली, घोडी रिकामी झालेली पाहिली, त्या रिकाम्या जागेवरून हात फिरवला आणि आमच्याबरोबर जेवायला बसली. तू आणून ठेवलेल्या मोठ्या रेडिएटरचं, लांब केलेल्या सायलेन्सरचं इक्बालभाई तिला समजावत होते आणि ती सगळं समजल्यासारखी मान हलवत होती. पहिल्यांदा इंजिन सुरू केलं तेव्हा ती माझा हात धरून उभी होती. आरसी बुकात नंबर चढेपर्यंत इक्बालभाईंनीही मला गाडी नेऊ दिली नाही. म्हणाले, त्यानं नसती नेऊ दिली.

मग मी निघाले. तळोद्याच्या पुढे, अक्कलकुव्याच्या पुढे, घाटातून वर. गाडी कुठेही तापली नाही, धूर नाही, चढावर दम लागला नाही. तू म्हणायचास ते सगळं खरं होतं. उतारावर तुझे डिस्क ब्रेक दाबले की गाडी जागच्या जागी बसत होती. मी एकटीच मोठ्यानं बोलत होते. तुला सांगत होते, हे बघ, हे बघ.

उपकेंद्रावर न थांबता सरळ वरच्या पाड्याकडे नेली. शेवटचे दगड चढून झाडाखाली उभी केली. एरवी मी नाल्यात असतानाच पाड्यावर कळतं. लेकरं धावत येतात, बाया अंगणात येऊन उभ्या राहतात, कुणाचं काय दुखतंय ते सांगायला. त्या दिवशी कुणी आलं नाही. मी उतरले, थोडी थांबले. मग लक्षात आलं, की आवाज बदललाय. त्यांना वाटलं असणार, कुणीतरी परकं आलंय.

एक म्हातारी कुडाआडून डोकावली. मला ओळखून बाहेर आली, गाडीभोवती फिरली, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. तुला तिनं नाल्यात काठी घेऊन फिरताना पाहिलेलं. तू गेल्याचं तिच्यापर्यंत पोहोचलं नव्हतं. हा आवाज सिस्टरच्या गाडीचा नाही, तिनं कानाकडे नि गाडीकडे हात करून विचारलं, मग गाडी कुणाची?

मी म्हटलं, "माझ्या भावाची."